गाडी टाकू का? मालट्रकच्या धंद्याबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न

कराडच्या बाजूला आमच्या तीन गाड्या आहेत, दोन दहा चाकी आणि एक बारा चाकी. लग्नात, बँकेत, दवाखान्यात कुठंही कुणी भेटलं की दोन मिनिटांत विषय गाडीवर येतो आणि तेच तेच प्रश्न. एकदाच लिहून ठेवतो म्हणजे लिंक पाठवून मोकळा.

दहा चाकी गाडी काढली तर महिन्याला किती सुटतात?

हा प्रश्न पहिला असतो आणि याचं उत्तर कुणीच खरं देत नाही, ज्याची गाडी चालू आहे तो कमी सांगतो आणि ज्याला गाडी विकायचीय तो जास्त सांगतो. मी हिशोब करायची पद्धत सांगतो, आकडे तुमचे तुम्ही घाला. समजा ७०० किलोमीटरची ट्रिप आहे, म्हणजे आमच्याकडून बेंगलोर धरा. भरलेल्या गाडीला ४ चं ॲव्हरेज पकडलं तर १७५ लिटर डिझेल, लिटरला ९० धरले तर १५,७५० रुपये नुसते टाकीत. मग टोल, ड्रायव्हरचा पगार आणि भत्ता, लोडिंग पॉइंटवरची किरकोळ, ताडपत्री-दोराची झीज, टायरची झीज. टायरची झीज लोक धरतच नाहीत कारण ती रोज दिसत नाही, एकदम दिसते आणि मग दहा टायरचं बिल बघून माणूस खाली बसतो.

आणि हे सगळं जातानाचं झालं. परतीचं भाडं मिळालं तर ट्रिप, नाही मिळालं तर तीर्थयात्रा.

आता खरी मेख. हप्ता समजा महिन्याला ६० हजार आहे तर गाडी चालो न चालो दिवसाला २,००० रुपये उभ्या उभ्या जातात. त्यात इन्शुरन्स, परमिट, ड्रायव्हरचा पगार दिवसावर पाडला की आकडा अजून वर जातो. त्यामुळं महिन्यात किती भाडं मिळालं यापेक्षा महिन्यात चाक किती दिवस फिरलं हे मोजा. आम्ही सुरुवातीची दोन वर्षं हे मोजलंच नाही, बँकेत पैसे येताना दिसायचे म्हणून वाटायचं धंदा जोरात आहे.

भाडं कोण ठरवतं? आपण सांगू तेवढं मिळत नाही का?

नाही. टनाला एवढे, असा रेट ट्रान्सपोर्ट ऑफिसमध्ये नाहीतर दलालाकडं ठरतो, आणि तो ठरतो त्या दिवशी अड्ड्यावर किती गाड्या रिकाम्या उभ्या आहेत त्यावर. पार्टी, म्हणजे मालवाला, एक भाव देते, मधे दोन-तीन हात असतात, तुमच्यापर्यंत उरलेलं येतं. दलालाला शिव्या देणं सोपं आहे, मीही देतो, पण रात्री अकरा वाजता हुबळीत रिकामी गाडी उभी असताना भाडं तोच देतो हेही खरं.

डिझेलचा प्रश्न इथंच येतो. ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारनं डिझेलच्या भावावरचं नियंत्रण काढलं, जून २०१७ पासून भाव रोज बदलायची पद्धत आली. खर्चाचा सगळ्यात मोठा आकडा रोज हलू शकतो आणि भाडं मात्र वर्षभराच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये बांधलेलं. मोठ्या कंपन्यांच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये डिझेल वाढलं की भाडं वाढायची अट असते, पण ती मोठ्या ट्रान्सपोर्टरला लागू, त्याच्याखाली गाडी लावणाऱ्या आपल्यासारख्याला ते पोचेलच असं नाही. लिटरला १ रुपया वाढला तर वरच्या ट्रिपमध्ये १७५ रुपये गेले, आणि ५ वाढले तर हिशोब करा.

गाडी खाली व्हायला दोन-तीन दिवस लागले तर हॉल्टिंग मिळतं ना?

हॉल्टिंग म्हणजे गाडी अडकून राहिल्याचे पैसे, ते कागदावर मिळतात. प्रत्यक्षात पहिला दिवस कुणी धरत नाही, दुसऱ्या दिवशी "आज होईल", तिसऱ्या दिवशी रविवार.

याच्यावर जरा जास्त लिहितो कारण माझ्या मते या धंद्यातलं सगळ्यात मोठं नुकसान हे आहे. डिझेलवर संप होतात, टोलवर होतात, उभ्या गाडीवर कुणी बोलत नाही. मागे आमची एक गाडी एका गोडाऊनच्या गेटबाहेर साडेतीन दिवस उभी होती. पहिल्या दिवशी सांगितलं जागा नाही, दुसऱ्या दिवशी हमाल नाहीत, तिसऱ्या दिवशी माल उतरवून घेणारे साहेब सुट्टीवर. तोपर्यंत परतीचं ठरवलेलं भाडं दुसऱ्याच्या गाडीला गेलं. ड्रायव्हर तीन दिवस केबिनमध्येच, आंघोळीला जवळच्या पेट्रोल पंपावर जायचा तर तिथं म्हणे डिझेल भरलं असेल तरच. शेवटी हॉल्टिंगचे म्हणून जे आले त्यात ड्रायव्हरचा जेवणखर्चपण निघाला नाही.

ज्याच्या दारात गाडी उभी राहते त्याला उभी ठेवायचा खर्च शून्य आहे, म्हणून तो उभी ठेवतो. तुमची गाडी म्हणजे त्याच्यासाठी फुकटचं गोडाऊन. यावर उपाय एकच सापडलाय, गेटवर पोचलो की गाडीचा नंबर आणि गेट दिसेल असा फोटो वेळेसकट ग्रुपवर टाकायचा आणि बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, इन टाइम लिहून घ्यायचा. वॉचमन लिहून देत नाही म्हणतो, तेव्हा फोटो कामाला येतो. सगळे पैसे मिळत नाहीत तरी बोलायला तोंड राहतं.

बाकी कधी मिळते?

निघताना ॲडव्हान्स, उरलेली बाकी पोच आल्यावर. पोच म्हणजे सही-शिक्का मारलेली बिल्टी, तिला सगळे पीओडी म्हणतात. पोच कुरिअरनं पाठवा, ती टेबलावर पोचू द्या, मग बिल, मग १५ दिवस, महिना, कधी दोन महिने. पंपावर मात्र उधारी आठवड्याची. पोच हरवली तर बाकी विसरा, म्हणून आम्ही ड्रायव्हरला सांगून ठेवलंय की अण्णा, पाकीट हरवलं तरी चालेल पण ती कागदाची घडी हरवू नका.

"ज्याचा माल त्याचा हमाल" म्हणतात ते काय आहे?

माल उतरवायची मजुरी ज्याचा माल आहे त्यानं द्यायची, गाडीवाल्यानं नाही, एवढी साधी मागणी आहे आणि वाहतूकदार ती वर्षानुवर्षं करतायत. तरी मार्केट यार्डात, कारखान्यात, गोडाऊनला हमालीशिवाय वाराई म्हणून वेगळे पैसे गाडीवाल्याकडून घेतले जातात. हमालांशी भांडण नाही बरं का, १९६९ चा माथाडी कायदा महाराष्ट्रानं केला तो पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसासाठी आणि तो हवाच होता. पण मजुरी देणारा बाजूला खुर्चीवर बसलाय आणि हमाल आणि ड्रायव्हर दोघं गरीब एकमेकांशी भांडतायत, असं ते चित्र असतं. भाडं ठरवतानाच वाराई कुणाकडं हे विचारून घ्या, नंतर विचारलं तर तुमच्याकडंच.

ओव्हरलोड केल्याशिवाय परवडत नाही हे खरंय का?

अर्धं खरं. २०१८ च्या जुलैमध्ये केंद्रानं ॲक्सल लोड, म्हणजे चाकांच्या आसावर चालणारं वजन, वाढवला, दहा चाकीचं एकूण पासिंग (गाडी आणि माल मिळून कायद्यात बसणारं वजन) २५ टनांवरून २८.५ टनांवर गेलं. सगळ्यांना वाटलं आता बरं झालं, कायदेशीर जास्त माल नेता येईल. झालं काय, तोच माल कमी गाड्यांत बसायला लागला, रिकाम्या गाड्या वाढल्या आणि टनाचा रेट पडला. म्हणजे साडेतीन टन जास्त वाहून पैसे जवळपास तेवढेच. मग लोक परत वरून भरायला लागले.

सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं दंड २०,००० आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० केलाय, शिवाय जादा माल तिथंच उतरवायचा. ५ टन जादा असेल तर ३०,००० झाले, ट्रिपचं काय उरलं? आणि दंडाचं सोडा, स्प्रिंगचे पाटे तुटतात, टायर फुटतात, घाटात ब्रेक गरम होतात. माल भरणारी पार्टी आग्रह करते आणि पकडल्यावर फोन उचलत नाही. आम्ही बंद केलंय. काही भाडी त्यामुळं सुटतात, सुटू देतो.

ड्रायव्हर का मिळत नाहीत? पगार वाढवला तर मिळतील ना?

पगार वाढवला तर दुसऱ्याचा ड्रायव्हर तुमच्याकडं येतो, नवीन ड्रायव्हर तयार होत नाही. फरक आहे.

पूर्वी पोरगं किन्नर, म्हणजे क्लीनर, म्हणून चढायचं, दोन-चार वर्षं टायर बदलत, ग्रीसिंग करत, दोर बांधत गाडी शिकायचं. आता भाडं परवडत नाही म्हणून मालकानंच क्लीनर काढून टाकला, म्हणजे शाळाच बंद केली आणि आता विचारतोय विद्यार्थी कुठं गेले. लायसनचं बघायचं तर ट्रान्सपोर्ट गाडीला वय २० पूर्ण पाहिजे आणि आधी हलक्या गाडीचं लायसन वर्षभर जुनं पाहिजे. तोपर्यंत पोरगं पुण्यात डिलिव्हरीला लागलेलं असतं, रात्री घरी झोपायला येतं. त्याला कुठल्या तोंडानं सांगू की महिन्यातले २२ दिवस केबिनमध्ये झोप?

लग्नाचा प्रश्न तर आहेच. आमचा एक चांगला ड्रायव्हर, निर्व्यसनी, ॲव्हरेज काढणारा, त्याला तीन ठिकाणी नकार आला, चौथ्या ठिकाणी त्यानं "लॉजिस्टिकमध्ये आहे" असं सांगितलं.

कामाच्या तासांचं म्हणाल तर ८ तासांचा दिवस १९६१ च्या मोटार ट्रान्सपोर्ट कामगार कायद्यातच लिहिला होता, पण तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी. एक-दोन गाडीवाल्याच्या ड्रायव्हरला तो लागूच नव्हता आणि देशातल्या बहुतेक गाड्या अशाच छोट्या मालकांच्या. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली हे मात्र चांगलं झालं, मे महिन्यात इंजिनच्या शेजारी बसून सोलापूर-विजापूर कुणी केलंय त्याला विचारा. डिझेल जास्त जाईल म्हणून कुरकुर करणारे मालक आहेत, त्यांना एकदा दुपारी केबिनमध्ये बसवायला पाहिजे.

तो १० वर्षांचा हिट अँड रन कायदा लागू झाला का?

झालेला नाही. भारतीय न्याय संहितेत कलम १०६(२) आहे, अपघातात माणूस गेला आणि ड्रायव्हर पोलिसांना किंवा मॅजिस्ट्रेटला न कळवता पळाला तर १० वर्षांपर्यंत शिक्षा. त्यावर जानेवारी २०२४ च्या पहिल्याच दिवशी ड्रायव्हर लोकांनी गाड्या उभ्या केल्या, मनमाडजवळ पानेवाडीला टँकर थांबले आणि पंपांवर लाइनी लागल्या ते आठवत असेल. संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली तेव्हा हे उपकलम बाजूला ठेवलं. पण १०६(१) चालू आहे, निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर ५ वर्षांपर्यंत, जुन्या दंड संहितेच्या ३०४ अ मध्ये ती २ होती.

ड्रायव्हरचं म्हणणं एवढंच की थांबलो तर जमाव मारतो. चूक कुणाचीही असो, मोठी गाडी असली की मार मोठ्या गाडीवाल्याला. आमच्या ड्रायव्हरना सांगितलंय की थांबता येत नसेल तर पुढच्या चौकीत गाडी लावा आणि तिथूनच ११२ ला फोन करा, पळून घरी येऊ नका.

जीएसटी आला, नाके गेले, मग आता कसला त्रास?

नाके गेले हे खरंच मोठं काम झालं, जुलै २०१७ मध्ये मुंबईची जकातही गेली. ज्यांनी दहिसर नाहीतर मुलुंडच्या जकात नाक्यावर रात्र काढलीय त्यांना विचारा.

आता ई-वे बिलचं, म्हणजे माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाचं, घड्याळ आहे. २०० किलोमीटरला एक दिवस, म्हणजे ७०० किलोमीटरला ४ दिवस मुदत. वाटेत क्लच प्लेट गेली, स्पेअर दुसऱ्या दिवशी आला, मुदत संपली. संपायच्या ८ तास आधी ते संपल्यावर ८ तासांपर्यंत वाढवता येते, पण ते कुणीतरी लक्षात ठेवून करायला पाहिजे, आणि ड्रायव्हर गॅरेजमध्ये असतो आणि ट्रान्सपोर्टचं ऑफिस रात्री बंद. तपासणीत गाडी अडकवली आणि जीएसटीचं कलम १२९ लागलं तर कराच्या दुप्पट दंड. दंड मालवाल्यानं भरायचा, पण तो भरेपर्यंत गाडी कुणाची उभी असते? बरोबर. मोबाईलमध्ये अलार्म लावा, आम्ही बायकोच्या मोबाईलमध्येपण लावतो.

घाटात गाड्यांचे ब्रेक फेल कसे होतात एवढे?

बरेचदा ब्रेक फेल होत नाही, केला जातो. कात्रजच्या नवीन बोगद्यातून नवले पुलाकडं उतरणारा उतार बघा, तिथं डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडतात, मग सगळा भार ब्रेकवर, ब्रेकचे लायनर तापतात आणि ऐन खाली आल्यावर ब्रेक लागतच नाही. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये तिथं एका जड गाडीनं कितीतरी गाड्यांना धडक दिली. उतरायचा गिअर चढायचा तोच, हे जुने लोक सांगायचे. नवीन इंजिनमध्ये गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलेटर सोडला की डिझेल जवळपास जातच नाही, म्हणजे न्यूट्रल करून वाचतं काय तर काहीच नाही. पण "ॲव्हरेज काढ" म्हणून ड्रायव्हरला रोज फोन करणारा मालकही यात आहे हे लिहायला पाहिजे.

बोर घाटात एक्स्प्रेसवेवर जड गाड्यांना वेगाची कमी मर्यादा आहे, कॅमेरे आहेत. तिथं मर्यादेत उतरताना मागून कारवाले हॉर्न मारतात, मारू द्या.

ई-चलान किती येतात?

मोजणं सोडलंय. लेन कटिंग, नो एंट्री, नंबर प्लेटवर चिखल. काही चुकीचं आमचंही असतं. पण शहरात दिवसा जड गाडीला बंदी, रात्री माल उतरवायला गोडाऊन बंद आणि रस्त्याकडेला उभी केली तर नो पार्किंगचं चलान, तर गाडी डोक्यावर घेऊन उभं राहायचं का? जुलै २०२५ ला राज्यात संप झाला तेव्हा हाच विषय पुढे होता, बरोबर क्लीनर सक्तीचाही. बाकी गणपतीत मुंबई-गोवा रस्ता जड गाड्यांना बंद असतो, वारीत पंढरपूरच्या वाटा वळवतात, ते कॅलेंडर बघूनच भाडं घ्या.

कागदपत्रांना वर्षाला किती जातात?

नॅशनल परमिटची एकत्रित फी वर्षाला १६,५००. थर्ड पार्टी इन्शुरन्स, २० ते ४० टनांच्या गटात, २०२२ च्या दरानं जवळपास ४४ हजार आणि वर जीएसटी, स्वतःच्या गाडीचा विमा वेगळा. फिटनेस पहिली ८ वर्षं दोन वर्षांनी, पुढं दरवर्षी. पीयूसी, टॅक्स हे आलंच.

बीएस-६ गाडीचा एवढा धसका का घेतात?

बीएस-६ हा प्रदूषणाचा नियम, त्यामुळं एप्रिल २०२० नंतरच्या गाडीत डिझेलशिवाय वेगळ्या टाकीत युरियाचं पाणी पण टाकावं लागतं, ते डीईएफ. स्वस्तातला पिवळट कॅन भरला की सेन्सर जातो, लाइट लागते, गाडी ताकद सोडते आणि चाळीसनं सरपटते. गावातला मिस्त्री बघून डोकं खाजवतो कारण त्याच्याकडं स्कॅनर नाही. गाडी धूर करत नाही हे चांगलंच, पण कंपनीच्या सर्व्हिस सेंटरपर्यंतचं अंतर हाही आता गाडी घेताना बघायचा मुद्दा झालाय.

जुनी घेऊ का नवीन?

सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, नवीन गाडीची किंमत त्यामुळं बरीच उतरली आणि तिच्याबरोबर जुन्या गाडीचा भावही. पहिली गाडी असेल तर मी जुनी घ्या म्हणतो, हप्ता कमी बसतो आणि शिकताना ज्या चुका होतात त्या स्वस्तात होतात. फक्त वय बघा, नॅशनल परमिट साध्या गाडीला १२ वर्षांपर्यंत आणि मल्टी ॲक्सलला, म्हणजे दोनपेक्षा जास्त आस असलेल्या गाडीला, १५ पर्यंतच. ११ वर्षांची गाडी स्वस्त मिळतेय म्हणून नाचू नका.

इलेक्ट्रिक ट्रक?

सिमेंट, बंदर, खाण अशा ठराविक छोट्या फेऱ्यांना चालतील. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत एका ट्रकला ९.६ लाखांपर्यंत मदत आहे, पण त्यासाठी जुना ट्रक भंगारात काढल्याचं सर्टिफिकेट लागतं. आमच्यासारखी आज बेंगलोर उद्या इंदूर अशी गाडी असेल तर सध्या विषय सोडा.

इन्कम टॅक्सचं काय, हिशोब ठेवावा लागतो का?

१० पर्यंत गाड्या असतील तर अंदाजे उत्पन्नाची सोय आहे, सगळे तिला ४४ एई म्हणून ओळखतात, १२ टनांवरच्या गाडीला दर टनामागं महिन्याला १,००० रुपये उत्पन्न धरायचं. २८.५ टनांची गाडी म्हणजे महिन्याला २८,५००, कमावले असोत नसोत. पॅन आणि १० पेक्षा जास्त गाड्या नाहीत असं लिहून दिलं की टीडीएस कापत नाहीत, तरी काही जण कापतात, लगेच भांडा. आणि टॅक्सला लागत नसला तरी स्वतःसाठी हिशोब ठेवाच, वही चालेल.

ॲपवरून भाडी मिळतात का?

मिळतात, मुख्यतः परतीची. पण अनोळखी पार्टी आणि ॲडव्हान्स शून्य असेल तर घेऊ नका. "आधी गेटपासचे ५०० पाठवा" म्हणणारे फोन येतात, ते सगळे फ्रॉड.

मी नोकरी सांभाळून, ड्रायव्हरवर गाडी सोडून करू का?

करणारे आहेत. पण रात्री दोनला फोन येणार, "शेठ, टायर गेला", आणि तुम्हाला अर्धवट झोपेत ठरवायचंय की कोल्हापूरच्या पुढं त्या वेळेला कोण टायरवाला उघडा आहे आणि तो म्हणेल ते पैसे द्यायचे का थांबवायची गाडी सकाळपर्यंत. ते जमणार असेल तर या, आणि हप्त्याची तारीख महिन्याच्या २० नंतरची मागून घ्या, बाक्या तेव्हाच जमा होतात.